पप्पांचा मंगळवार

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर माझ्या सासऱ्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, ‘मंगळवार’. चहा हवा असला तरी मंगळवार, पंखा बंद करायचा असला तरी मंगळवार. चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला घरी आले तेव्हा ‘आमेन’च्या जागीही मंगळवारच. नेमका हाच शब्द का, ते कुणाला कधी कळलं नाही.

आम्ही सगळे त्यांना पप्पा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, आणि नोकरीतली बरीचशी वर्षं श्रीरामपूर-नगर गाडीवर गेली. उभ्या जन्मात गप्प बसलेला माणूस नव्हे. रिटायर झाल्यावरही दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून बोलायचे. त्यामुळे दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा आमचं घर एखाद्या सुट्टी लागलेल्या शाळेसारखं झालं होतं. मी शिक्षिका आहे, ती शांतता मला चांगली ओळखू येते.

नगरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. जिभेला काही झालेलं नाही, शब्दही डोक्यात आहेत, फक्त ते तोंडापर्यंत यायची वाट बिघडली आहे. स्पीच थेरपी लागेल, त्यासाठी वरचेवर नगरला यावं लागेल. पण त्यांचा उजवा पाय अजून उचलत नव्हता, गाडीत बसवायलाच दोघं लागायची, आणि मला शाळा. मग डॉक्टरांनीच पुण्याच्या एका मॅडमचं नाव सुचवलं. त्या व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, हे अजिबात पटलं नाही. “हात लावल्याबिगर कसला इलाज? ती बाई मोबाईलमधून जीभ सरळ करनार व्हय?”

पहिल्या दिवशी मी शाळेतून आले तर पप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार. मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एक अगदी तरुण मुलगी आली, कानात इयरफोन घातलेली.

“नमस्कार काका.”

पप्पांनी डावा हात छातीशी नेला आणि म्हणाले, “मंगळवार.”

ती हसली नाही. “कळलं मला. तुम्हीही नमस्कारच म्हणालात.”

मग चित्रं सुरू झाली. कंगवा दाखवला, मंगळवार. कप दाखवला, मंगळवार. छत्रीच्या वेळी पप्पांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. आई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली. “काका, आपण दोघं मिळून आकडे मोजू. एक, दोन…”

पप्पांचे ओठ त्यांच्यामागून हलत होते. चारला आवाज फुटला. पाच, सहा, सात. मॅडम केव्हाच थांबल्या होत्या आणि पप्पा एकटेच मोजत होते. ते लक्षात आल्यावर तेच घाबरून गप्प झाले.

“तोंडपाठ गोष्टी कधीकधी दुसऱ्या वाटेनं बाहेर येतात,” मॅडम म्हणाल्या. “काकांना आणखी काय तोंडपाठ आहे?”

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “नगरपातूरचे थांबे! झोपेत बडबडायचे!”

“मग ताई, तुम्ही सुरुवात करून द्या.”

मी घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घेतल्यासारखं म्हणाले, “श्रीरामपूर, बेलापूर…”

पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या नवशिक्याच्या हातात कुणी तिकिटांची पेटी दिली आहे. “राहुरी फॅक्टरी, राहुरी, विद्यापीठ, डेहरे, विळद, नगर!” त्यांनी आपल्या जुन्या खणखणीत आवाजात सांगून टाकलं. “चला, उतरा!”

आई हातात लाटणं घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. मी मात्र रडत होते.

पण एवढ्यावर गाडी मार्गाला लागली नाही. थांबे यायचे ते ओळीनंच. माझी नणंद राहुरीला दिली आहे. कुणीतरी विचारलं, पोरगी कुठं असते, की पप्पा श्रीरामपूरहून निघायचे आणि राहुरी आलं की हातानं टेबल आपटून थांबायचे. विचारणारा बिचारा बेलापूरलाच गोंधळून जायचा. त्यात घरात नेटवर्कची बोंब. ऐन वाक्यात मॅडमचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज नंतर यायचा. म्हणून पाय थोडा सुधारल्यावर आम्ही पप्पांना धरून धरून गच्चीवर न्यायला लागलो. तिथं दुसरीच अडचण. शेजारच्या गच्चीवर बायका शेवया वाळत घालायच्या आणि मॅडमनी छत्री दाखवली की पप्पांच्या आधी पलीकडून तीनचार आवाजांत ‘छत्रीऽऽ’ यायचं. शेवटी मॅडमनी त्यांनाही पडद्यावर बोलावून घेतलं आणि फार प्रेमानं गप्प राहायला सांगितलं.

मग एक दिवस पप्पांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर त्यांना भेटायला आले. दोघांनी वर्षानुवर्षं एका डब्यातलं खाल्लेलं. पप्पांना त्यांना किती काय सांगायचं होतं! पण उत्साहाच्या भरात नुसता मंगळवारच बाहेर पडत राहिला, एकामागून एक. ड्रायव्हरकाका डोळे पुसत उठले आणि दारात मला म्हणाले, “लई वाईट झालं. बोलता मानूस मुका झाला.” त्यांना वाटलं, हळू बोललो.

पप्पांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉल आला तेव्हा त्यांनी मोबाईल पालथा घातला. त्यानंतरच्या वेळीही तेच. मी सरळ केला तर भिंतीकडे तोंड करून बसले.

मॅडमनी आईंना पडद्यासमोर बोलावलं. मग म्हणाल्या, “काकू, आज तुम्ही काकांशी बोलूच नका. त्यांच्या गाडीत बसा.”

“म्हंजी?”

“प्रवासी व्हा. तिकीट मागा.”

मला वाटलं, आई उडवून लावतील. पण त्यांनी पदर सारखा केला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि पप्पांसमोर स्टूल ओढून बसल्या.

“एक नगर द्या.”

पप्पा भिंतीकडेच बघत होते.

“अवो कंडक्टर, ऐकू येत न्हाई का? एक नगर. आनि फुकटातलं द्या. मला पंच्याहत्तर पुरी झाली.”

पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पप्पांची मान हळूहळू वळली. त्यांनी आईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“खोटं,” ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. हा शब्द कुणी दाखवला नव्हता, कुणी सुरू करून दिला नव्हता. पडद्यावर मॅडमनी तोंडावर हात धरला होता. पण आई जागच्या हलल्या नाहीत.

“खोटं कसं? केस बघा की माझे!”

“खोटं! बा… बासष्ट!”

“चारचौघांत बाईमानसाचं वय सांगता व्हय?”

“कार्ड!” पप्पांनी डावा हात पुढं केला. “कार्ड… काढ!”

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज गाडी सुटायला लागली. आई कधी सुट्ट्या पैशांवरून अडून बसायच्या, कधी कोंबडी पिशवीत लपवायच्या. त्यांच्याशी भांडता भांडता पप्पांना शब्द सापडत गेले. सगळे नाहीत. माणसांची नावं अजून येत नाहीत, मला ते ‘टीचर’ म्हणतात. वाक्यं आखूड असतात. पण मंगळवार आता फक्त राग आल्यावरच येतो. शेजारच्या भाभींची मुलगी बोलताना अडखळते, तिलाही भाभींनी त्याच मॅडमकडे लावलं आहे. मोबाईलवर काय इलाज होणार, असं कुणी म्हणालं की आता आईच त्याला धारेवर धरतात.

या हिवाळ्यात मॅडम संगमनेरला मैत्रिणीच्या लग्नाला आल्या होत्या. परत जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे आल्या. रिक्षातून उतरल्या आणि आई बघतच राहिल्या. “अगं बया, एवढीशीच हाय की! मोबाईलमधी केवढी दिसती!”

पप्पा सकाळपासून तयार होऊन बसले होते. मॅडमनी खाली वाकून त्यांना नमस्कार केला, शेजारी बसल्या, कसे आहात विचारलं. पप्पा लाजून लाल झाले आणि त्यांच्या तोंडून अवाक्षर निघेना. थांबे नाहीत, आकडे नाहीत, काहीच नाही. मी आपली सारवासारव करत होते. मॅडमनी जरा विचार केला, उठल्या आणि स्वयंपाकघरात आईंपाशी गेल्या. इकडे मोबाईल वाजला.

पप्पांनी तो उचलला, हात लांब करून समोर धरला, कॉलर नीट केली.

“बोला काका.”

“कधी… आलात?”

“आत्ताच आले. तुमच्याच घरात आहे.”

“बसा. जेवून… जा.”

“काय बेत आहे?”

पप्पांनी स्वयंपाकघराकडून येणारा वास घेतला. “मटन हाय,” ते म्हणाले, आणि पडद्याजवळ तोंड नेऊन आवाज खाली आणून पुढं म्हणाले, “लई… तिखट. हिला… सांगू नका.”