भावाचा तुकडा

भाकरी ताटात पडली की चाचा तिचे दोन तुकडे करत आणि मोठा तुकडा ताटाच्या कडेला ठेवत. "भावाचा हाय," एवढंच म्हणत. बीडच्या स्टँडसमोर भाड्याची जीप लावणाऱ्या या माणसाला तुम्ही कधी ढाब्यावर पाहिलं असेल, तर हेही पाहिलंच असेल.

भाऊ जुळा. तरुणपणी कोकणात मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला आणि ती बोटच परत आली नाही. घरच्यांनी फातिहा पढून मन आवरलं. चाचा ऐकेनात. "मुर्दा कुनी पायला का? न्हाई ना? मंग कावून रडायचं?"

गेल्या वर्षी आम्ही तिघे मास्तर त्यांच्या जीपने रेवदंड्याकडची जुनी गावं बघत दिवसभर हिंडलो. आम्ही पडक्या बुरुजांपुढे माना वर करून उभे आणि चाचा कोळीवाड्यांत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. "सर, तुमी दगडं बघा. मी मानसं बघतो."

दुपारी अगदी टोकाच्या गावात एका कोळणीच्या ओटीवर जेवायला बसलो. तळलेले बोंबील, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. या गावात चाचा पहिल्यांदाच आलेले. भूक लई लागलेली, त्यांनी सबंध भाकरीच ओढली. वाढता वाढता म्हातारी थांबली.

"आज भावाचा तुकडा नाय काढलास?"

चाचांनी हळूच विचारलं, "मावशी, मी कवा आलतो?"

"काल नाय का जेवून गेलास? याच पाटावर."

आदला अख्खा दिवस बीडहून येण्यात गेला होता आणि चाचा आमच्याबरोबर गाडीत होते. त्यांनी भाकरी मोडली, तुकडा कडेला ठेवला आणि उन्हं कलेपर्यंत समुद्राकडे तोंड करून बसले. कुणी आलं नाही. आम्हाला बीडला सोडलं आणि त्याच पावली गाडी वळवली. नंतर ते स्टँडवर दिसले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना शोधत गेलो. ओटीसमोर त्यांची जीप उभी होती, चाकं वाळूत रुतलेली.

"आत्ताच जेवून गेला," म्हातारी म्हणाली.

"एकटे? की दोघं?"

"एका वेळी एकच येतो. कुठला ते मला नाय कळत. दुसऱ्यासाठी ठेवून जातो."

पाटापुढच्या ताटात अर्धी भाकरी होती. मी बराच वेळ बसून राहिलो. मग हात धुवायला मागच्या दारी गेलो. परत आलो तर ताट रिकामं होतं आणि पाट ओला.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण कुणीतरी जेवून गेलं, याचं बरंही वाटलं.