बोरकुटे सरांची बादली

शालिकराम बोरकुटे माणूस म्हणून सोन्यासारखे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. नागपुरातल्या एका आयटीआयमध्ये ते वेल्डिंग शिकवतात आणि मी शेजारच्या शेडमध्ये फिटरचं काम शिकवतो. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. उन्हाळ्यात ती दोन्ही बाजूंनी तापते आणि आम्ही दोघेही प्राचार्यांना मनसोक्त शिव्या घालतो.

सरांकडे पोरं चिक्कार आणि चालू मशीन मोजक्या. एकाचा जॉब, म्हणजे जोडलेला तुकडा, निवेपर्यंत दुसऱ्याला टेबल मिळायचं नाही. म्हणून सरांनी दाराशी पाण्याची बादली ठेवली. तापलेला जॉब सांडशीत धरायचा, बादलीत बुडवायचा, चर्र झालं की सरांच्या हातात द्यायचा. जोडावरून अंगठा फिरवून सर म्हणायचे, "जमला," नाहीतर "पुन्हा कर." आहे त्यात भागवायचं. खरं म्हणजे आमच्या आयटीआयमध्ये भागवणं हीच मुख्य ट्रेड आहे, बाकीच्या नावाला.

आपला एक तरी विद्यार्थी मौद्याच्या वीज प्रकल्पात वेल्डर म्हणून लागावा, एवढीच सरांची इच्छा होती. पोरं गेट आणि खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या दुकानांत लागायची आणि तिथेच मुरायची. मग खुशी आली. वर्गात एकटी मुलगी, पण वेल्डिंगचा होल्डर धरला की हात जराही हलायचा नाही. तिचे वडील देवराव हिंगण्याला एका कारखान्यात पॅकिंगला होते. ते सरांना स्पष्ट म्हणाले होते, "एक वर्स देतो जी हिले. नोकरी लागली तं ठीक, नाही तं सदरले माह्या भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसंल."

मौद्याला एका ठेकेदाराने वेल्डरची चाचणी ठेवली. खुशी गेली. तिचं काम बघायला फोरमन मागे उभा राहिला, कौतुकाने त्याने आणखी एकालाही बघायला बोलावलं. जोड पूर्ण झाला. आता तो यंत्रात घालून वाकवणार होते. आतून कच्चा असेल तर तिथे तडकतो. पण खुशीने वर्षभराच्या सवयीने सांडशी उचलली आणि आग लागली तर म्हणून जवळ ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत जॉब बुडवला.

"ये क्या किया?" फोरमन ओरडला. लालभडक जोड पाण्यात घातला की ठिसूळ होतो. चाचणीत तर त्याला सक्त मनाई. त्याने जॉब न वाकवताच भंगारात फेकला आणि पुढच्या नावाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी खुशी आयटीआयमध्ये आली. रडली वगैरे नाही. "सर, थंडा करूनच देतात ना जी? मले तं तेच माहीत होतं," एवढंच म्हणाली. ती गेल्यावर सर माझ्या शेडमध्ये येऊन बाकावर बसले.

माझं डोकं फिरलं. "पुस्तकात लिहिलेलं नाही का सर, पाण्यात टाकू नये म्हणून?"

"लिहिलेलं आहे ना. दरवर्षी मीच शिकवतो तो धडा," सर म्हणाले. "फळ्यावर लिहून देतो. अन् मंग पोरायले घेऊन शेडमध्ये येतो."

इतका राग मला आयुष्यात फार कमी वेळा आला. तो कोणावर काढावा हेच कळेना. समोर बसलेला माणूस तर आधीच मेल्यासारखा झाला होता. त्यांनी ठेकेदाराकडे खेटे घातले, हात जोडले. भरती संपली होती.

पुढे एका रविवारी ते मला सोबत घेऊन सदरला गेले. एकट्याने जायची त्यांची हिंमत नव्हती. खुशी काकाच्या दुकानात मोबाइलवर काच चिकटवत होती. एकही बुडबुडा राहत नव्हता. गिऱ्हाईक खूश होतं, काकाही खूश होता. तिने आमच्यासाठी चहा मागवला.

"सर, एक विचारू?" मान वर न करता ती म्हणाली. "त्यानं माहा जॉब वाकवला असता, तं तुटला असता का जी?"

"नाही वं बाई. नसता तुटला."

"खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा इतका उजळला, की मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर आलो. मागून सर आले. त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्यापुढे धरली. मी किल्ली घेतली.

"आपलं वाकवायचं यंत्र मी लागलो तेव्हापासून बंद आहे," ते म्हणाले. "मी आजवर एकाही पोराचा जॉब वाकवून पाह्यला नाही गा."