सगळ्यात मागची गाडी

मंडळी, आज सकाळी लोणावळ्याहून आम्ही पाच मित्र पाच गाड्यांवर गोकर्णला निघालो. आमचा नियम असा, की कुणी थांबलं तर सगळ्यात मागच्याने त्याच्यासाठी थांबायचं. मागचा नेहमी मीच.

तिकोणा पेठेजवळ धुक्यात माझंच चाक पंक्चर झालं. पंप पुढे गेलेल्या संदीपच्या बॅगेत! हॉर्न बडवला, पण हेल्मेटखाली कानटोप्या घातलेल्यांना काय कप्पाळ ऐकू येणार?

रस्त्याकडेला शेकत बसलेले एक आबा म्हणाले, "मागनं कोन येतंय का तुमचं?"

"नाही आबा, मागचा मीच."

आत्ता कुठे रेंज आली. ग्रुपवर नाश्त्याच्या ठरलेल्या हॉटेलातला मिसळीसमोरचा फोटो, खाली लिहिलंय, 'सगळे पोचलो!' फोन लावतोय, एकही उचलत नाही.

फोटोत चौघं आहेत.

तुमच्यात मागच्यासाठी कोण थांबतं हो?