शेंगदाणा नसलेलं चॉकलेट

परंड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये त्या बाई रोज माझ्या शेजारी बसत. नाव मी कधी विचारलं नाही. कुणी वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं, की त्या हसून घेत आणि हळूच माझ्या हातावर ठेवत. एकदा मी कारण विचारलं.

"शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी माझा घसा बंद होतो. लोक म्हणतात, एवढ्याशानं काय होतंय? मग लोकांत जेवायचंच सोडलं म्या."

शेंगदाणा अजिबात नाही, असं स्पष्ट छापलेलं चॉकलेट मी कुर्डुवाडीतली चार दुकानं फिरून शोधलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते त्या बाईंना दिलं. त्यांनी चष्मा लावून ती बारीक अक्षरं दोनदा वाचली. मग चॉकलेट मोडून अर्धं माझ्यापुढं धरलं.

"घ्या ताई. कुणासंगं खाऊन लई वर्षं झाली."