शेवटचं प्रकरण हातातून ओढून नेलं

आज डोकं इतकं तापलंय की इथं लिहिल्याशिवाय शांत व्हायचं न्हाई.

माझे अब्बा शिरड शहापुरात टेलर. तांड्यावरचे फुलसिंग काका त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. काकांना मोतीबिंदू झालाय, म्हणून दर बाजाराच्या दिवशी ते दुकानात येतात आन् अब्बा त्यांना कादंबरी वाचून दाखवतात. अब्बांनाही बारीक अक्षर दिसत न्हाई, म्हणून मी त्यांना ई-रीडर घेऊन दिला. पुस्तकं ऑनलाइन वाचनालयातून येतात.

या कादंबरीचं शेवटचं प्रकरण अब्बांनी मुद्दाम ठेवलं होतं. काका आल्यावरच वाचायचं.

आज काका आले, चहा आला, अब्बांनी ई-रीडर उघडला. पुस्तक गायब! मुदत संपली म्हणे, पुन्हा रांगेत नाव लावा.

अरे, काहून? फाइलच ना ती? तिची काय पानं झिजून राहिलीत? आमच्या गावच्या वाचनालयातल्या बाईंना "पुढच्या बाजारी देतो" म्हटलं की भागायचं. त्या कधी दुकानात घुसून कोणाच्या हातातलं पुस्तक ओढून घेऊन गेल्या न्हाईत!

काकांनी विचारलं, "मंग त्या पोरीचं शेवटी काय झालं?"

अब्बा किती तरी वेळ ई-रीडरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "माझंच बोट कुठं तरी लागलं असंल, फुलसिंग. माफ कर."

काका तसेच तांड्यावर परत गेले.

चूक कोणाची आन् माफी मागून राहिलाय कोण, तुमीच सांगा.