खांब हलतोय

“घिऊन पळू नगंस, दे की!” हे वाक्य आमचे सर दिवसातून शंभरदा म्हणत, आणि प्रत्येक वेळी हवेतला न दिसणारा चेंडू दोन्ही हातांनी छातीपासून पुढे ढकलत. कॉर्फबॉलमध्ये चेंडू घेऊन पळता येत नाही. हाती आला की थांबायचं आणि दुसऱ्याला द्यायचा. पण टपरीवर पेपर एकट्याने अडवून बसलेल्या माणसालाही सर हेच ऐकवत. एकाच खुळाने झपाटलेले असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

हुपरीच्या आमच्या शाळेत त्यांनी हा खेळ आणला तेव्हा गावात कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी बुरुडाला बिनबुडाच्या टोपल्या करायला सांगितलं. त्याला ती थट्टा वाटली, त्याने चांगली बुडं घालून दिली. सरांनी ती त्याच्यासमोरच कापली आणि टोपल्या उंच खांबांवर बांधल्या. खांब सिमेंट भरलेल्या टायरांत रोवलेले. बुरूड पुढे वर्षभर सरांशी बोलला नाही.

खेळाचा इतिहास ते शेजारच्या गल्लीतली हकिकत सांगावी तसा सांगत. “हॉलंडात आमच्यासारखाच एक मास्तर हुता. शंभरेक वर्सं झाली. त्येला पोरं-पोरी एकत्र खेळतील असा खेळ पायजे हुता. स्वीडनला गेलता, तितं काठीवरची कडी बघितली. घरला येऊन कडीची टोपली केली. लोक लय बोलले त्येला. तरी खेळ बेल्जियमला गेला, इंग्लंडला गेला, तैवानला गेला. आता हुपरीत आलाय.”

एका संघात चार मुलं आणि चार मुली. इथेच माझं घोडं अडलं. माझे वडील, आबा, घरातच चांदीची पैंजणं करत. मी आठवीत होते. एका संध्याकाळी ते थेट मैदानावर आले आणि सरांना म्हणाले, “पोरांच्यात माझी पोरगी खेळणार न्हाय.” मला तर त्या खेळावाचून दुसरं काही सुचत नव्हतं. मला रडू फुटलं.

सरांनी वाद घातला नाही. “व्हय, तुमची पोरगी, तुमचा शब्द. आजचा एवढा डाव खेळू द्या. आन पावणं, त्यो खांब हलतोय. जरा टायरावर बसता काय?”

या खेळात खांब मैदानाच्या आत असतो, त्याच्या मागूनपुढून खेळ चालतो. त्यामुळे आबा बसले ते ऐन गर्दीत. मुलीला मुलीनेच अडवायचं, मुलाने नाही, हा नियम त्यांना सांगावा लागला नाही. हातभर अंतरावर दिसतच होता. मग मी गोल केला आणि चेंडू टोपलीतून सरळ आबांच्या मांडीवर पडला. ते तो कवटाळून बसले.

“पावणं, घिऊन बसू नका, द्या की!” सर ओरडले.

आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चेंडू माझ्या हातात दिला. खरं तर तो समोरच्या संघाला जायला हवा होता. नियमांचे एवढे पक्के सर, पण त्यांनी शिट्टी वाजवली नाही.

घरी जाताना आबा एवढंच म्हणाले, “उद्या किती वाजता हाय?”

दुसरा खांब तसल्याच टायरात जराही न हलता उभा होता, हे मला फार वर्षांनी सुचलं. त्या एका थापेने मला माझं आयुष्य दिलं, आणि ते उपकार मी विसरणार नाही.

पुढे मी परदेशात खेळायला गेले. तिथे पिवळ्या प्लास्टिकच्या टोपल्या आणि खांबांना जड लोखंडी बैठका होत्या. मी सरांना कौतुकाने फोन केला, “सर, हितं खांब अजाबात हलत न्हाईत.”

सर लगेच “मग बापांनी बसायचं कुठं?” म्हणाले.

सर जाऊन दोन वर्षं झाली. मी आता शहरात, राजारामपुरीत राहते, कॉर्फबॉल शिकवते. परवा एका नव्या मुलीचे वडील मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. मुलगी त्यांच्यामागे, रडवेली. आमचा खांब लोखंडी बैठकीत घट्ट उभा होता.

मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, “पावणं, त्यो खांब हलतोय. जरा बसता काय?”