श्रीधरच्या सासूचा नळ

बारा सालच्या दुष्काळात आमच्या मोगरा सोसायटीत कुजबुज होती, की श्रीधरनं धोंड्याच्या महिन्यात सासूकडून चांदीचं ताट घेतलं आणि त्याची परतफेड आमच्या पाण्यानं केली. ताट कुणी पाहिलं नव्हतं. पण शेजारच्या द्वारकाबाईंनी त्याचं वजनसुद्धा सांगितलं होतं, मग अविश्वास कसा दाखवायचा?

बीड बायपासला तेव्हा शेतं जाऊन इमारती उगवत होत्या. आमच्या दोन, अ आणि ब. टाकी एकच, टँकरनं भरायची. कोणत्या इमारतीला किती वेळ पाणी सोडायचं ते टाकीजवळचं छोटं यंत्र ठरवायचं, आणि त्याचा प्रोग्राम श्रीधर लिहायचा, औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून. ब मध्ये त्याची सासू यमुनाबाई राहायची. पाऊस फिरकला नाही तसं त्यानं यंत्र दुष्काळावर लावलं. आमच्या अ चं पाणी आलं अर्ध्यावर. ब चे नळ पूर्वीसारखेच धो धो.

अ चे सेक्रेटरी सर्जेराव. त्यांनी श्रीधरला फाटकातच गाठलं.

"जावईबापू, आमच्या नळानं काय घोडं मारलं?"

"दादा, यंत्राला सासू कळत नाही हो."

"यंत्राला नाय कळत. तुम्हाला तर कळती की."

सगळे हसले, श्रीधरही. यमुनाबाईंना मात्र ते लई लागलं. त्यांनी घरचा नळ घट्ट बंद केला आणि कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. जावयाच्या नावावरचा डाग जाईस्तोवर नळाला हात लावणार नाही म्हणाल्या. श्रीधरची बायको वैदेही, म्हणजे त्यांची लेक, नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

श्रीधरनं खोलीत कोंडून घेतलं. बाहेर आला तो प्रोग्राम दुरुस्त करून नव्हे, अख्खी भाषाच नवी करून. चहा पाजून मला समजावलं. जुन्या भाषेत एकाच प्रोग्राममध्ये सुकाळाचा आणि दुष्काळाचा असे दोन भाग ठेवायचे, वर अट लिहायची. अट लागू नसेल तो भाग प्रोग्राम तयार होताना झाकलेला राहायचा. तो तपासलाच जायचा नाही. चांगल्या पावसाच्या वर्षांत दुष्काळाचा भाग असा अंधारात पडून होता. नव्या भाषेत झाकणच नव्हतं. दोन्ही भाग दर वेळी तपासायचे, कोणता चालवायचा ते मागाहून निवडायचं. नवी इमारत जोडली की भाषा अडून बसायची, हिचं दुष्काळात काय? उत्तर मिळेपर्यंत प्रोग्राम होऊच द्यायची नाही.

"सासूसारखीच हट्टी दिसते," मी म्हणालो.

"काका, नाव यमुनाच ठेवलंय."

दोन्ही इमारतींना सारखं पाणी झालं. यमुनाबाईंनी नळ उघडला आणि पहिल्या पाण्याचा चहा सर्जेरावांना पाठवला. त्यांनी तो प्यायला, वर कप धुऊन परत दिला.

आता श्रीधर-वैदेही पुण्याला गेले, यमुनाबाई राहिल्या नाहीत. औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकतात. भाषा दुसऱ्या कुणी वापरली नाही, पण आमच्या टाकीवर अजून तीच चालते. फाटकात टँकर थांबला की मी उगाच ती कळशी शोधतो.

द्वारकाबाईंनी मात्र ताट काही सोडलं नाही. खरं एवढंच, की दुष्काळाचा भाग आधीच्या दुष्काळात लिहिलेला होता. तेव्हा ब इमारत नव्हती. त्यात फक्त अ चं पाणी कमी करायला सांगितलं होतं. आणि ताट, मी मागाहून श्रीधरकडं पाहिलं, स्टीलचं होतं.